पूजेला ठेवलेले बिल्ले

नळीच्या तोंडाशी हरभरा अडकला.

अख्खा, उकडलेला, खोबऱ्याचा कीस चिकटलेला हरभरा. टेबलावरच्या बाईच्या नाकातोंडातून पाणी येत होतं. भुलीच्या डॉक्टरांनी तिची मान एका बाजूला वळवून घशात नळी घातली होती आणि मी सक्शनचा पंप पायानं दाबत होते. बाटलीत आधी पिवळं पाणी आलं, मग भिजलेले चुरमुरे, मग नळी तुंबली. डॉक्टरांनी ती काढून झटकली. हरभरा फरशीवर माझ्या पायापाशी पडला.

"हिनं काय खाल्लंय?" डॉक्टर ओरडले. "सकाळपासून पोटात काही नाही म्हणालात ना?"

आमची नर्स मेरी सिस्टर फरशीवरच्या हरभऱ्याकडे बघत होती. माझ्या जोडीची राजम दाराशी पदर तोंडावर धरून उभी होती. त्या बाईचे ओठ जांभळे होत चालले होते. डॉक्टरम्मांनी, म्हणजे आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी, पोटावर सुरी लावलेली होती. वर न बघता त्या म्हणाल्या, "मी मूल काढते. तुम्ही आईला सांभाळा."

मी पंप दाबत राहिले. त्या हरभऱ्याला मी ओळखलं होतं. ते सुंडल, ती प्रसादाची उसळ, सकाळी मीच केलं होतं.

कुंभकोणमला एका बाळंतपणाच्या नर्सिंग होममध्ये मी आया होते. शाळा तमिळ, पाचवीपर्यंत. मराठी अक्षरं वडिलांनी घरी गिरवून घेतली. आमचे लोक मराठ्यांच्या राज्यात इकडे आले आणि इथलेच झाले. माझी मराठी तुम्हाला जुनाट लागेल म्हणून सुनेनं ती थोडी सरळ केली आहे. दवाखान्यातलं सगळं बोलणं तमिळ होतं, ते इथं मराठीत लिहिते. मला तिथं सगळे 'बाई' म्हणत. आमच्या बायकांना गाव तसंच म्हणतं.

आया काय करते हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. ती भांडं देते, भांडं काढते, एनिमा देते, पाणी तापवते, कपडे उकळते, आईला धरते, बाळाला पुसते. फळा येण्याआधी आमच्याकडे ही सगळी कामं ओरडून चालायची. वॉर्डाच्या या टोकाकडून त्या टोकाला हाका. एखादीला एनिमा दोनदा मिळे, एखादीला एकदाही नाही. दोनदा मिळालेली शिव्या घाली. न मिळालेली खूश असे आणि गप्प राही.

फळ्याची कल्पना डॉक्टरम्मांना देवळाजवळच्या एका लॉजमध्ये सुचली. तिथं भिंतीवर खिळे आणि खिळ्यांवर खोल्यांच्या किल्ल्या. मालकाला बसल्या जागी कळे की कोण आत आहे आणि कोण बाहेर. त्यांनी सुताराकडून दाराच्या दोन झडपांएवढा फळा करवला, हिरवा रंगवला आणि वऱ्हांड्यात लावला. एकेका खाटेची एकेक आडवी रेघ, रेघेवर खिळे. भांड्यांच्या दुकानातल्या उरलेल्या पितळी पत्र्यातून बिल्ले कापून आणले आणि रंगवले. लाल म्हणजे तोंडात पाण्याचा थेंबही नाही. हिरवा म्हणजे खाऊ दे. निळा म्हणजे इंजेक्शन द्यायचं आहे. पिवळा म्हणजे रक्त जातंय, बघत राहा.

प्रत्येकीच्या कमरेला एक कडी, कडीत तिचे स्वतःचे बिल्ले. माझ्या बिल्ल्यांना कडेला एक खाच होती, राजमच्यांना दोन. मेरी सिस्टरनं आपल्यावर क्रूस कोरून घेतला होता. काम अंगावर घेतलं की कमरेचा बिल्ला काढून त्या खाटेच्या खिळ्यावर टांगायचा, काम झालं की परत कमरेला. घरी जाताना कडी भरली नसेल तर कळायचं की आपलं काहीतरी फळ्यावर राहिलंय. डॉक्टरम्मा वऱ्हांड्यातून नुसत्या चालत गेल्या तरी कोणतं काम कोणाकडे आहे हे त्यांना दिसे. दुसऱ्या नर्सिंग होमची माणसं तो फळा बघायला यायची आणि आम्ही त्यांच्यापुढे उगाच एखादा बिल्ला काढून लावून दाखवायचो.

माझी नात चेन्नईला नोकरी करते. तिच्या ऑफिसात भिंतीएवढा पडदा आहे. त्यावरची कामं बोटानं सरकवतात, आणि ज्याच्या त्याच्या फोनवरून त्यावर काही ना काही जात असतं, असं ती मोठ्या कौतुकानं सांगत होती. मी म्हटलं, आमच्याकडे होतं ते. ती हसली.

फळा म्हटला की गिऱ्हाईकांच्या तऱ्हा आल्याच. पट्टीश्वरमची एक सासू होती. शेजारच्या खाटेला निळा बिल्ला आणि आपल्या सुनेला नाही हे तिला खपलं नाही. "आम्ही काय फुकट आलोय?" म्हणत तिनं तो निळा उचलून सुनेच्या खिळ्यावर टांगला. मेरी सिस्टर सुई घेऊन हजर. सुनेनं आरडाओरडा केला म्हणून निभावलं. तेव्हापासून आम्ही नातेवाइकांना सांगू लागलो, हात लावायचा नाही, बघा हवं तेवढं. स्वामीमलैचा एक मूर्ती ओतणारा होता. त्यानं बिल्ला नखानं वाजवला आणि तोंड वाकडं केलं. "भेसळ आहे, बाईअम्मा. याचा देव केला तर कान तुटेल."

"देव कशाला करतोस?" मी म्हटलं. "तुझी बायको सुटली की झालं."

आता वसंताचं सांगते. टेबलावर होती ती. तिरुभुवनमची, पहिलटकरीण. पाय सुजले म्हणून आधीपासूनच आमच्याकडे आणून ठेवली होती. नवरा कुप्पुसामी रेशमी साड्या विणणारा. फळ्यासमोरच्या बाकावर तो दिवसचे दिवस बसून राही आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारी, हिला इडली देऊ का, कॉफी देऊ का, पाणी देऊ का. मी त्याला तंबी म्हणे, म्हणजे धाकटा भाऊ. एकदा मला राग आला. मी म्हटलं, "तंबी, दर खेपेला माझं डोकं का खातोस? डोळे आहेत ना? फळा बघ. लाल असेल तर नाही, नसेल तर दे."

त्यानं फळा बघायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत तो आमच्या आधी ओरडू लागला. "राजम अक्का, खिडकीजवळच्या खाटेचा निळा अजून लोंबतोय!"

"मग तूच टोच ना जाऊन," राजम म्हणे. "साडीत सुई चालवतोस तशी चालव."

"आमच्याकडे सुई नसते अक्का, धोटा असतो."

"मग धोटा टोच."

वॉर्डातल्या बायका टाके दुखेपर्यंत हसत. आम्हाला त्याची गंमत वाटे. तो फळा वाचतो याचं आम्हाला कौतुकच होतं.

मग आयुधपूजा आली. आमच्या घरात तिला खंडेनवमी म्हणतात. आमच्या गावात त्या दिवशी ज्याचं त्याचं हत्यार धुऊन, चंदन-कुंकू लावून सरस्वतीपुढे ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पूजा झाल्याशिवाय उचलत नाहीत. सुतार रंधा धरत नाही, विणकर मागावर बसत नाही, मुलं पुस्तक उघडत नाहीत. डॉक्टरम्मा अडीनडीला कात्र्या-चिमट्यांचा एक संच बाहेर ठेवत, बाकी सगळं पूजेला.

सकाळी राजम कुरकुरत होती. "डॉक्टरम्मांची कात्री पूजेला, कंपाउंडरचा खल पूजेला, ड्रायव्हरची मोटार पूजेला. आपण काय ठेवायचं? झाडू?"

"बिल्ले ठेवू," मी म्हटलं.

सगळ्यांना ते एकदम पटलं. मला तर अभिमान वाटला. कात्री त्यांची, बिल्ले आमचे.

वसंताला पहाटेपासून कळा येत होत्या, पण मूल सरकत नव्हतं. डॉक्टरम्मांनी तपासून तिच्या खिळ्यावर लाल बिल्ला स्वतः लावला होता. "कदाचित कापावं लागेल. पाणीही नको." कारण साधं आहे. भूल दिली की माणसाचा घसा सैल पडतो. पोटात काही असलं तर ते वर येतं आणि फुप्फुसात उतरतं.

कमरेच्या कड्या आम्ही सोडल्या. राजमनं विचारलं, "फळ्यावरचे पण काढू?"

सण म्हणून बऱ्याच खाटा रिकाम्या होत्या. पेशंट तीन, आम्ही चौघी. मी म्हटलं, "काढ. तोंडी लक्षात ठेवू. तिरुभुवनमच्या पोरीला काही द्यायचं नाही." राजमनं ते म्हणून दाखवलं. मेरी सिस्टरनं म्हणून दाखवलं. चौथी कनगा, तिनंही. चिंचेनं घासून बिल्ले लखलखीत केले, ताटात मांडले, कुंकू लावलं. रिकामा फळा पुसून त्याला चंदनाचे ठिपके दिले आणि वर आंब्याची पानं बांधली.

आमच्यापैकी एकीलाही विसर पडला नाही, हे मुद्दाम सांगते. चौघींनाही शेवटपर्यंत लक्षात होतं.

दुपारी पुढच्या खोलीत पूजा झाली. डॉक्टरम्मांच्या आईंनी सगळ्यांच्या हातावर पानातून प्रसाद दिला. चुरमुरे, गूळ आणि माझं सुंडल. कुप्पुसामीलाही दिला. तो प्रसाद घेऊन वऱ्हांड्यातून आत गेला. जाताना त्यानं फळा बघितला. बायकोच्या खिळ्यावर लाल नव्हता. त्याला वाटलं, बरं झालं, आता खायला हरकत नाही. आम्ही अजून आरतीपाशी उभ्या होतो, तेव्हा त्यानं तिला आपल्या हातानं भरवलं. ती भुकेली होती. तीही बिचारी फळ्यावर विसंबलेली. तो म्हणाला, "लाल काढलाय," आणि तिनं तोंड उघडलं.

बिल्ले पूजेत आहेत हे आम्ही एकमेकींना सांगितलं. त्याला सांगायचं कोणाच्या मनातही आलं नाही. तो आमच्यातला नव्हता.

नंतर बाळाचे ठोके मंदावले आणि घाई झाली. भुलीच्या डॉक्टरांना गावातून बोलावलं. त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, काही खाल्लंय का. मेरी सिस्टरनं खरं उत्तर दिलं, सकाळपासून काही नाही. तिच्या समजुतीनं ते खरंच होतं. वसंताला विचारायला हवं होतं, पण ती कळांनी किंचाळत होती आणि आम्हाला तर माहीतच होतं ना.

मूल निघालं, मुलगी. आधी गप्प होती. राजमनं पाठ चोळचोळून तिला रडवलं. वसंताच्या फुप्फुसात जायचं ते गेलं होतं. डॉक्टर तिच्या घशातल्या नळीला रबरी फुगा लावून हातानं श्वास देत होते. ते म्हणाले, "इथं ठेवून उपयोग नाही. तंजावरला न्या."

डॉक्टरम्मा रक्ताच्या एप्रनसकट वऱ्हांड्यात आल्या. "हिला कोणी भरवलं?"

कुप्पुसामी उठला. मुलगी झाल्याचं त्याला कळलं होतं आणि तो हसत होता. "मीच अम्मा. प्रसाद."

"अक्कल आहे का तुला? मारलंस तिला! कोणी सांगितलं भरवायला?"

तो फळ्याकडे वळला. "लाल नव्हता, अम्मा."

सगळ्यांनी फळ्याकडे पाहिलं. चंदनाचे ठिपके सुकले होते.

मी म्हटलं, "बिल्ले पूजेत आहेत, डॉक्टरम्मा. मी काढायला लावले. लाल बघून दे असं त्याला मीच शिकवलंय."

"गप्प बसा बाई. गाडी काढायला सांगा."

तेवढ्यात कुप्पुसामीनं त्यांच्या पायांवर लोळण घेतली. "चुकलो अम्मा. अडाणी माणूस मी. माफ करा." डॉक्टरम्मा मागं सरल्या, पण त्याला उठ म्हणाल्या नाहीत. मेरी सिस्टर म्हणाली नाही, राजम म्हणाली नाही. सगळ्यांना बरं वाटल्यासारखं दिसत होतं. माझं बोलणं कोणालाच नको होतं, त्यालाही.

मोटारीला केळीची रोपं बांधलेली, चाकांखाली लिंबं ठेवलेली. ड्रायव्हर अडून बसला. "बाई, आज चावी लावायची नाही. पूजेत आहे."

मी रोपं ओढून काढून रस्त्यात फेकली आणि त्याला आईवरून शिवी दिली. त्यानं चावी लावली. पूजा मोडायला एवढंच लागतं. दुपारी एका लाल बिल्ल्यासाठी मला तेवढं सुचलं नव्हतं.

मागच्या सीटवर वसंता आडवी, तिचं डोकं माझ्या मांडीवर. डॉक्टर खाली अवघडून बसून फुगा दाबत होते. कुप्पुसामी पुढे ड्रायव्हरशेजारी होता, तोंड सगळं मागं वळवलेलं. मी त्याला म्हटलं, "तंबी, तुझी चूक नाही. आम्ही बिल्ले काढले ते पूजेसाठी. तिला परवानगी दिली म्हणून नाही."

त्याला समजायला वेळ लागला. मग म्हणाला, "आमच्या मागावर वर पुठ्ठ्याची कार्डं असतात, बाईअम्मा. भोक असलं की दोरा उठतो. भोक नसलं की दोरा खाली राहतो. भोक असलं तरी हुकूम, नसलं तरी हुकूम."

"हो."

"मग मी काय बघायला हवं होतं?"

मी वसंताचं डोकं मांडीवर नीट धरलं. डॉक्टर फुगा दाबत होते आणि खिडकीबाहेर बघत होते.

तंजावरच्या मोठ्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरनं विचारलं, "शेवटचं कधी खाल्लं?"

"दुपारी," मी म्हटलं. "चुरमुरे आणि हरभऱ्याचं सुंडल."

"ऑपरेशनच्या पेशंटला? तुमच्याकडे काही पद्धत आहे की नाही?"

आमच्या फळ्यासारखी पद्धत त्यानं जन्मात पाहिली नसेल. मी मान खाली घातली. कमरेला हात गेला, तिथं कडीही नव्हती.

मी तिथंच राहिले. घशात नळी घातलेल्या वसंताची छाती भात्यासारखी वाजत होती. ताप उतरत नव्हता. डॉक्टरम्मा येऊन गेल्या. फळं आणली, डॉक्टरांशी इंग्रजीत बोलल्या. कुप्पुसामी पुन्हा त्यांच्या पाया पडला. या खेपेला त्यांनी त्याला खांदा धरून उठवलं आणि म्हणाल्या, "होतं असं कधी कधी." त्याला चूक कोणाची ते त्यांनी सांगितलं नाही. बाहेर जिन्यावर मी म्हटलं, "तुम्ही सांगितलं तर तो मानेल. माझं ऐकत नाही."

"सांगून काय होणार बाई? तिची फुप्फुसं सुधारणार का?"

"त्याची मान वर होईल."

"आणि उद्या त्याच्या गावचे वीस लोक माझ्या दारात येतील." मग त्यांनी विचारलं, "फळा ठेवायचा की काढायचा?"

"ठेवा," मी म्हटलं. "पूजेला मात्र तुमची कात्रीच ठेवा."

त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांच्या हाताखाली मी पुढे बरीच वर्षं काम केलं. त्या चांगल्या डॉक्टर होत्या. हे दोन्ही खरं आहे.

मला लाज वाटते ती त्या पुढच्या दिवसांची. आमच्या वऱ्हांड्यात जो माणूस आमच्याही आधी निळा-लाल ओळखायचा, तो आता कशावरही विश्वास ठेवत नव्हता. वॉर्डात नळाचं पाणी घ्यायचं तरी विचारायचा. चादर सरळ करू का, पंखा लावू का, मी इथं उभा राहू का. नर्सला विचारायचा, मग मला, मग शेजारच्या पेशंटच्या आईला. लोक हसायचे. तो रागवायचा नाही, हात जोडून पुन्हा विचारायचा.

एका सकाळी वसंताच्या घशातली नळी काढली. तिचा आवाज बसला होता. ओठ फुटलेले. नर्सनं सांगितलं, चमच्यानं थोडं पाणी द्या. कुप्पुसामीनं पेला भरला, चमचा बुडवला आणि थांबला.

"देऊ ना, सिस्टर?"

"दे म्हटलं ना."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "बाईअम्मा, देऊ?"

"दे, तंबी."

मग फरशी पुसणाऱ्या बाईकडे वळला. "अक्का, हिला पाणी दिलं तर..."

वसंतानं डोळे उघडले. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "देताय का, की अख्ख्या तंजावरला विचारून येताय?"

फरशी पुसणारी बाई खो खो हसली. त्याचा हात मात्र हवेतच राहिला, चमच्यातलं पाणी चादरीवर सांडत होतं. शेवटी मी त्याच्या हातातून चमचा घेतला आणि तिला पाणी दिलं.

वसंता जगली. कुंभकोणमला राजमच्या मांडीवर ठेवलेली तिची मुलगीही जगली.